वित्तीय ग्राहक संरक्षणाच्या धोरणासाठी वरिष्ठ अधिकारी निवडताना: जाहिरातीच्या आधीपासून रुजू होईपर्यंत

वित्तीय ग्राहक संरक्षणाचे धोरण सांभाळणारे वरिष्ठ पद रिकामे झाले की बहुतेक खात्यांत पहिली धावपळ होते ती जुनी जाहिरात शोधण्याची. पदनाम बदलते, तारखा बदलतात, अनुभवाची अट दोन-चार वर्षांनी वाढते आणि जाहिरात निघते. काही महिन्यांनी एखादा नावाजलेला बँकर किंवा ज्येष्ठतेच्या यादीतला पुढचा अधिकारी त्या खुर्चीत बसतो. मग लक्षात येते की त्याला कर्जाच्या करारातली खोच ओळखता येते पण नियमाचा मसुदा करता येत नाही. किंवा मसुदा उत्तम करता येतो, पण ज्याच्यासाठी तो करायचा त्या ग्राहकाची तक्रार त्याने कधी वाचलेलीच नाही.

हा लेख निवडीची जबाबदारी असलेल्यांसाठी आहे: विभागप्रमुख, आस्थापना शाखा, निवड समितीचे सदस्य. टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक निवडी मुलाखतीत फसल्यासारख्या दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा जाहिरात निघण्यापूर्वीच फसलेल्या असतात.

## टप्पा १: हे पद नक्की कोणत्या कामाचे आहे ते लिहून काढा

‘ग्राहक संरक्षण’ या एका नावाखाली निदान चार निरनिराळी कामे येतात. पहिले धोरणाचे: कायद्याची चौकट, नियमांची दिशा, मंत्र्यांना सल्ला. दुसरे देखरेख आणि कारवाईचे. तिसरे एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करण्याचे. चौथे वित्तीय साक्षरतेचे. अनेक देशांत ही कामे वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. ब्रिटनमध्ये कायद्याची चौकट ट्रेझरीकडे, नियम आणि देखरेख फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीकडे आणि वैयक्तिक तक्रारी फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे. कॅनडात धोरण अर्थ खाते ठरवते, तर बँका ते पाळतात की नाही हे फायनान्शियल कंझ्युमर एजन्सी पाहते.

या चारही कामांना लागणारी माणसे वेगळी असतात. उत्तम तपास अधिकारी एका बँकेने काय केले ते पुराव्यानिशी सिद्ध करतो. धोरण अधिकाऱ्याला सगळ्या बँका उद्या काय करतील याचा अंदाज बांधावा लागतो. एकाच जाहिरातीत चारही कामांची अपेक्षा लिहिलीत, तर चारही थोडी थोडी येणारा उमेदवार पुढे जातो आणि धोरणात मुरलेला मागे पडतो.

यासाठी एक साधी गोष्ट करा. येत्या अठरा महिन्यांत या टेबलावर कोणते निर्णय येणार आहेत, त्यांची यादी करा. ‘धोरणात्मक नेतृत्व’ असली वाक्ये त्यात नकोत, थेट प्रश्न हवेत. ग्राहकाने फसवणुकीत स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे कोणी भरून द्यायचे? कर्जासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या विम्यावर बंदी घालायची की सक्तीचा थंडावा-काळ (निर्णयाचा फेरविचार करण्याची मुदत) ठेवायचा? पतमाहितीतली चूक किती दिवसांत दुरुस्त व्हावी? मोबाइल ॲपवरून मिळणारे छोटे कर्ज आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ या योजना कोणाच्या कक्षेत आणायच्या? असे आठ-दहा प्रश्न कागदावर आले की पदाचे स्वरूप आपोआप स्पष्ट होते. पुढचे निकष, चाचणी आणि मुलाखतीचे प्रश्न याच यादीतून काढायचे आहेत.

तपासा: ही यादी विभागप्रमुखाने आणि नियामक संस्थेच्या प्रतिनिधीने वेगवेगळी करावी. दोन याद्यांत फारसे साम्य नसेल, तर जाहिरात थांबवा आणि आधी एकत्र बसा.

## टप्पा २: अधिकार, कार्यकाल आणि जागा

जाणता उमेदवार तीन प्रश्न विचारणारच: माझी सही कशावर चालते, मी कोणाला उत्तरदायी, आणि मला कोण, कशासाठी हटवू शकते? याची लेखी उत्तरे तयार नसतील तर चांगले उमेदवार इथेच गळतात.

कार्यकालाचा मुद्दा केवळ कागदोपत्री नाही. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने कंझ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो उभा केला. त्याच्या संचालकाला पाच वर्षांचा कार्यकाल दिला आणि ठोस कारणाशिवाय हटवता येणार नाही, असे संरक्षणही दिले. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सैला लॉ प्रकरणात हे संरक्षण घटनाबाह्य ठरवले. कागदावर पाच वर्षे असलेली खुर्ची प्रत्यक्षात राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर आली. तुमच्या पदाचे संरक्षण कायद्यात आहे, सेवानियमात आहे की नुसत्या प्रथेत, हे उमेदवाराला आधीच सांगा.

पद संघटनेत कुठे बसते तेही पाहा. ग्राहक संरक्षणाचा प्रमुख बँकिंग स्थैर्य सांभाळणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली असेल तर दोन उद्दिष्टांत ओढाताण होते. दंडाचे आणि शुल्काचे उत्पन्न बँकेच्या ताळेबंदाला बळ देते, तेच ग्राहकाला ओरबाडते. ऑस्ट्रेलियाने स्थैर्य आणि बाजारातले वर्तन यांची देखरेख वेगळ्या संस्थांकडे दिली. दक्षिण आफ्रिकेने त्याच वाटेने जाऊन १ एप्रिल २०१८ पासून फायनान्शियल सेक्टर कंडक्ट ऑथॉरिटी सुरू केली. संस्था वेगळी करणे तुमच्या हातात नसेल. पण मतभेद झाल्यास या अधिकाऱ्याचे टिपण वरिष्ठाच्या शेऱ्यासह जसेच्या तसे मंत्र्यांपर्यंत जाईल, इतकी तरतूद तुम्ही करू शकता.

सावधान: पदाचा तात्पुरता कार्यभार सांभाळणारा अधिकारी स्वतः उमेदवार असेल, तर पदाचे स्वरूप, निकष आणि जाहिरात यांच्या फाइलपासून त्याला दूर ठेवा. ‘कामाची माहिती त्यालाच आहे’ म्हणून मसुदा त्याच्याकडूनच करून घेतला जातो, आणि मग निकष त्याच्या बायोडेटासारखे दिसू लागतात.

## टप्पा ३: निकष ठरवा, आणि अर्ज येण्याआधी गोठवा

पाच निकष पुरेत. मी असता हे धरले असते:

1. ग्राहकाचे नुकसान कसे घडते याची समज. विक्रीचे कमिशन, गुंतागुंतीचे शुल्क, फसवी ॲप-रचना, वसुलीचा दबाव यांतली यंत्रणा ज्याला दिसते असा माणूस.
2. नियम किंवा कायदा संकल्पनेपासून अंमलबजावणीपर्यंत नेल्याचा अनुभव.
3. आकडे आणि पुरावे वाचण्याची क्षमता, त्यातले खोटेपण पकडण्यासह.
4. उद्योग, ग्राहक संघटना आणि राजकीय नेतृत्व यांच्यासमोर एकच गोष्ट सारख्याच शब्दांत सांगण्याचे धैर्य.
5. मोठा चमू चालवण्याची सवय.

सगळ्यांना समान वजन देऊ नका. पहिल्या तिघांना मिळून निम्म्याहून अधिक गुण ठेवा. प्रत्येक निकषापुढे ‘पुरावा काय चालेल’ तेही लिहा. दुसऱ्या निकषासाठी उमेदवाराने स्वतः केलेला मसुदा, त्यावर आलेले आक्षेप आणि अंतिम नियम यांतला फरक समजावून सांगता आला पाहिजे. ‘समितीचा सदस्य होतो’ हा पुरावा नाही.

‘वित्तीय क्षेत्रातील २० वर्षांचा अनुभव’ ही अट शक्यतो काढून टाका. ती वर्षे मोजते, काम मोजत नाही. शिवाय ग्राहक न्यायालयांत वकिली केलेले, (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या) लोकपाल कार्यालयात हजारो प्रकरणे हाताळलेले किंवा कर्जबाजारी कुटुंबांना सल्ला देणाऱ्या संस्था चालवलेले उमेदवार तिच्यामुळे दारातच अडतात.

## टप्पा ४: जाहिरात

नेहमीचे वाक्य असे असते: ‘वित्तीय क्षेत्रातील ग्राहक संरक्षणाशी संबंधित धोरणात्मक बाबींमध्ये उच्चस्तरीय नेतृत्व प्रदान करण्यास सक्षम, गतिमान व्यक्तिमत्त्व आवश्यक.’ हे वाचून ज्याला अर्ज करावासा वाटत नाही असा वरिष्ठ अधिकारी सापडणे कठीण.

त्याऐवजी असे लिहा: ‘पहिल्या वर्षात तुम्ही डिजिटल पेमेंटमधील फसवणुकीच्या भरपाईचा नियम मंत्र्यांसमोर ठेवाल, कर्जासोबतच्या विम्याच्या विक्रीबाबत शिफारस कराल आणि तक्रारींच्या आकडेवारीची व्याख्या सर्व बँकांत एकसारखी कराल. हाताखाली अमुक इतके अधिकारी असतील. अंतिम निर्णय मंत्र्यांचा असेल.’ असे वाचून अर्ज कमी येतात आणि नेमके येतात.

वेतन, कार्यकाल, निवडीचे टप्पे, संभाव्य तारखा आणि हितसंबंधांचे नियम जाहिरातीतच द्या. वेतन झाकून ठेवल्याने खासगी क्षेत्रातला उमेदवार शेवटच्या टप्प्यावर माघार घेतो, आणि तोवर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवारही हातचा गेलेला असतो.

## टप्पा ५: शोध

जाहिरात देऊन वाट पाहणे पुरत नाही. नियामक संस्थांची दुसरी फळी, लोकपाल कार्यालये, ग्राहक संघटना, विधी सहाय्य केंद्रे, विद्यापीठे आणि बँकांतले अनुपालन व तक्रार विभाग अशा सगळीकडे जाहिरात मुद्दाम पोहोचवा. फोन करा, पण कोणालाही ‘तुमचे नक्की’ असे सुचवू नका.

शोधासाठी बाहेरची कंपनी नेमणार असाल तर एक प्रश्न आधी विचारा: गेल्या काही वर्षांत तुम्ही कोणत्या बँका आणि विमा कंपन्यांसाठी माणसे शोधून दिली? ज्यांचा मोठा धंदा याच उद्योगातून येतो, त्यांच्या यादीत याच उद्योगातली नावे भरलेली दिसतात. त्यामागे कटकारस्थान असतेच असे नाही. त्यांच्या ओळखीच तेवढ्या असतात.

## टप्पा ६: समिती आणि छाननी

पाच जणांची समिती पुरे: विभागातला वरिष्ठ, नियामक संस्थेतला एक जण, ग्राहकांच्या बाजूने काम केलेला एक जण, सार्वजनिक प्रशासनातला बाहेरचा एक जण आणि भरतीप्रक्रियेचा जाणकार. सध्या वित्तीय कंपनीच्या पगारावर किंवा संचालक मंडळावर असलेली व्यक्ती समितीत नको, मग ती कितीही आदरणीय असो.

अर्ज उघडण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने ओळखी आणि हितसंबंध लेखी जाहीर करावेत. छाननीत प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यावेत आणि चर्चा नंतर करावी. उलटे केले की ज्येष्ठ सदस्याचे मत हेच सगळ्यांचे गुण होतात.

तपासा: छाननीनंतरच्या यादीत सगळे एकाच प्रकारच्या संस्थेतून आलेले असतील, तर पहिल्या निकषात कमी पडलेले अर्ज पुन्हा एकदा वाचा. निकष खरोखर लागू झाला की संस्थेच्या नावाला गुण मिळाले, ते तिथे कळते.

## टप्पा ७: प्रत्यक्ष कामाची चाचणी

बहुतेक ठिकाणी हा टप्पा ‘इतक्या वरिष्ठ माणसाची परीक्षा कशी घ्यायची’ या संकोचाने वगळला जातो. माझ्या मते पूर्ण प्रक्रियेतले सर्वांत उपयोगी तीन तास हेच.

टप्पा १ मधल्या यादीतला एक प्रश्न घ्या. समजा, फसवणुकीत ग्राहकाने स्वतः बटण दाबून पाठवलेल्या पैशांच्या भरपाईचा. उमेदवाराला एक पाकीट द्या. त्यात नावे काढलेल्या सहा तक्रारी, बँकांच्या संघटनेचे विरोधाचे पत्र, कायद्याच्या मर्यादेवरील एक पानाचे टिपण आणि तीन वर्षांच्या तक्रारींचा तक्ता. तक्त्यात एक खोच ठेवा: तिसऱ्या वर्षी तक्रारी निम्म्यावर आल्या आहेत, पण तळटीपेनुसार त्या वर्षापासून शाखेतच मिटलेल्या तक्रारी मोजणे बंद झाले आहे. दोन तासांत मंत्र्यांसाठी दोन पानी टिपण लिहायला सांगा. मग वीस मिनिटांची तोंडी चर्चा ठेवा. त्यात समितीतला एक जण मंत्र्याच्या भूमिकेत बसेल आणि मध्येच ‘मला एका वाक्यात सांगा, मतदारांना काय सांगू?’ असे विचारेल.

उत्तरांत काय पाहायचे? एक उमेदवार लिहितो: ‘जागरूकता मोहीम राबवावी, बँकांनी सूचना अधिक ठळक कराव्यात, सर्व संबंधितांशी सल्लामसलत करावी.’ यातले काहीच चूक नाही, आणि मंत्र्याच्या हातात निर्णयही काहीच पडत नाही. दुसरा लिहितो: ‘भार दोन्ही बँकांवर टाकावा, कारण फसवणुकीचे खाते पैसे स्वीकारणाऱ्या बँकेने उघडलेले असते आणि ते रोखणे तिच्याच हाती असते. मर्यादा ठेवावी. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा हा अपवाद असावा, पण वृद्ध किंवा आजारी ग्राहकाला तो लावू नये. धोका असा की बँका छोट्या ग्राहकांचे व्यवहारच अडवू लागतील, म्हणून अडवलेल्या व्यवहारांचे आकडेही मागवावेत. तक्त्यातली घट ग्राह्य धरू नये, व्याख्या बदलली आहे.’

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून साधारण असाच मार्ग घेतला. पैसे पाठवणारी आणि स्वीकारणारी संस्था भरपाई निम्मी-निम्मी वाटून घेतात आणि प्रत्येक दाव्याला ८५,००० पौंडांची कमाल मर्यादा आहे. उमेदवाराला हे माहीत असेल तर चांगलेच. पण ते उचलून जसेच्या तसे आपल्याकडे मांडले, तर गुण देऊ नका. आपल्या पेमेंट यंत्रणेत आणि कायद्यात ते कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे सांगणाऱ्याला द्या.

सावधान: चाचणीसाठी खात्यातला चालू, गोपनीय विषय वापरू नका. उमेदवारांकडून फुकट सल्ला काढून घेतल्यासारखे होते, आणि नियुक्त न झालेला उमेदवार तीच माहिती घेऊन बाहेर जातो. विषय खरा असावा, कागद तयार केलेले असावेत.

## टप्पा ८: मुलाखत

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या गुणपट्टीवर. हे यांत्रिक वाटते म्हणून ज्येष्ठ सदस्य कुरकुरतात. पण कर्मचारी निवडीवरील संशोधनाचा २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी घेतलेला मोठा आढावा पाहा. पुढच्या कामगिरीचा अंदाज देण्यात अशी आखीव मुलाखत सर्व पद्धतींत वरच्या स्थानावर आली. गप्पांच्या ओघात झालेल्या मुलाखतीत आपल्यासारखे बोलणारा माणूस आवडतो, एवढेच घडते.

‘ग्राहक संरक्षणाची तत्त्वे सांगा’ हा प्रश्न वाया जातो. जी-२० आणि ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांची २०११ मधली दहा तत्त्वे २०२२ च्या सुधारणेत बारा झाली, हे कोणीही आदल्या रात्री पाठ करून येईल. त्यात भर पडलेल्या दोनांपैकी एक आहे सेवांची उपलब्धता आणि समावेशन. मग टक्कर कुठे होते ते विचारा: ‘ब्रिटनने जानेवारी २०१५ पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जावर दिवसाला ०.८ टक्के आणि एकूण खर्चावर मुद्दलाइतकीच कमाल मर्यादा घातली. अशी मर्यादा घातल्यावर ज्यांना कर्जच मिळणार नाही, त्यांचे काय? तुम्ही कोणते आकडे पाहून मर्यादा ठेवाल किंवा काढाल?’

दुसरा प्रश्न नुकसानीच्या मुळाचा: ‘ब्रिटनमध्ये कर्जफेड संरक्षण विमा (आजारपण किंवा नोकरी गेल्यास कर्जाचे हप्ते भरणारा) अशा लोकांनाही विकला गेला ज्यांना त्याचा दावा करताच आला नसता, उदाहरणार्थ स्वयंरोजगारी. अटी कागदावर छापलेल्या होत्या. मग नियम कुठे कमी पडला?’ ‘ग्राहकाने वाचायला हवे होते’ इथे थांबणारा उमेदवार या पदाचा नाही. जो विक्रीच्या कमिशनपर्यंत आणि उत्पादन कोणासाठी बनवले या प्रश्नापर्यंत पोहोचतो, तो कामाचा.

तिसरा प्रश्न भूतकाळाचा हवा: वरिष्ठांना न आवडणारा सल्ला केव्हा दिला, कोणत्या शब्दांत दिला, पुढे काय झाले? उत्तरात तपशील येईपर्यंत पाठपुरावा करा.

## टप्पा ९: हितसंबंधांची पडताळणी, प्रस्ताव देण्याआधी

इथे घाई सर्वांत महागात पडते. पत्र आधी देऊन पडताळणी मागाहून केली, तर आक्षेपार्ह काही निघाल्यावर माघार घेणे अवघड होते आणि खाते सवलती देऊ लागते.

अंतिम दोन-तीन उमेदवारांकडून हे लेखी घ्या: शेअर आणि शेअर-पर्याय (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क), आधीच्या मालकाकडून पुढच्या वर्षांत मिळायचा राखीव बोनस, निवृत्तिवेतनाचा स्रोत, सल्लागारीचे करार, जोडीदार आणि जवळच्या नातलगांची वित्तीय क्षेत्रातली नोकरी, प्रलंबित खटले आणि नियामकांनी काढलेल्या नोटिसा. राखीव बोनस सगळ्यात जास्त निसटतो. जुन्या बँकेच्या नफ्यावर अवलंबून असलेली रक्कम तीन वर्षे येत राहणार असेल, तर तो अधिकारी अजून त्या बँकेशी बांधलेलाच आहे.

मग टप्पा १ ची यादी पुन्हा काढा. या उमेदवाराला ज्या निर्णयांतून बाजूला व्हावे लागेल त्यांवर काट मारा. दहापैकी चार-पाच प्रश्नांवर काट पडली, तर माणूस कितीही लायक असला तरी या पदावर तो अर्धाच काम करील. शेअर विकणे आणि बोनसचा हक्क सोडणे हा मार्ग आहे, पण तो तारखेसह लेखी हवा, रुजू होण्यापूर्वी पूर्ण झालेला हवा.

पद सोडल्यानंतर उद्योगात जाण्यावरचा प्रतिबंध-काळही इथेच समजावून सांगा आणि त्यावर सही घ्या.

संदर्भ देणाऱ्यांशी बोलताना उमेदवाराने दिलेल्या नावांवर थांबू नका. त्याच्या संमतीने आणखी दोघांशी बोला: त्याच्या हाताखाली काम केलेला एक जण आणि टेबलापलीकडे बसून त्याच्याशी वाद घातलेला एक जण. ‘त्यांनी तुमच्या विरोधात निर्णय दिला तेव्हा कारणे कळली का?’ एवढे विचारले तरी बरेच समजते.

## टप्पा १०: निवड, नकार आणि रुजू होणे

समितीने गुण, कारणे आणि मतभेद यांची नोंद त्याच दिवशी करावी. राखीव यादीत दुसरे नाव ठेवा, पण ते किमान गुणरेषेच्या वर असेल तरच. कोणीच रेषेवर नसेल तर नेमणूक करू नका. टप्पा १ आणि ४ तपासून पुन्हा जाहिरात काढा आणि तोवर कार्यभार स्पष्ट मुदतीने द्या.

मुलाखतीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला निकाल फोनवर कळवा, कारण पुढच्या वेळी तुम्हाला याच वर्तुळातून माणूस हवा असतो.

नियुक्तिपत्रासोबत दोन कागद द्या. एक, टप्पा १ ची निर्णयांची यादी, तारखांसह. दुसरा, ज्या प्रकरणांत या अधिकाऱ्याने भाग घ्यायचा नाही त्यांची यादी, आणि ती प्रकरणे कोणाकडे जातील त्या सहकाऱ्याचे नाव. दुसऱ्या कागदाची प्रत त्याच्या स्वीय सहायकाकडे आणि फाइल वाटप करणाऱ्या शाखेकडेही पोहोचली पाहिजे. वगळलेल्या प्रकरणाची फाइल चुकून टेबलावर येते ती तिथूनच.